मनूला रडू दे, बापू

शिरपूर,
दिवाळीनंतरचा रविवार, २०२५

प्रिय बापू,

परवा फोनवर तू बोलत राहिलास आणि मी नुसता ‘हं, हं’ करत राहिलो. तुला वाटलं असेल, अण्णाला पटतंय. पटत नव्हतं, म्हणूनच बोलत नव्हतो. अशा गोष्टी फोनवर निघाल्या की आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहायला बसलो.

१६ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मनूने तिच्या खोलीत एका फोटोपुढे पणती लावली आणि दिवसभर ती धड जेवली नाही. तू तिला म्हणालास, “तो इंग्लंडचा पोरगा तुझा कोण लागत होता? आणि वर्ष झालं की आता!” तेव्हापासून पोर तुझ्याशी तुटक बोलते. तू मला विचारलंस, “मी काय चुकीचं बोललो?” बापू, चुकीचंच बोललास.

मी त्या मुलाचं नाव गेल्या वर्षीच पहिल्यांदा ऐकलं. लियाम पेन. वन डायरेक्शन नावाच्या बँडमधला. २०१० साली इंग्लंडच्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून पाच पोरं एकत्र आली, पाच-सहा वर्षं जगभर गाजली आणि मग आपापल्या वाटेने गेली. १६ ऑक्टोबर २०२४ ला अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून पडून लियाम गेला. वय ३१.

एकतीस म्हटल्यावर तुला कोणी आठवलं नाही?

१३ डिसेंबर १९८६. आपण धुळ्याला शिकत होतो. स्मिता पाटील गेली तेव्हा तीही एकतीसचीच होती. बाळाला जन्म देऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. त्या दिवशी तू मेसला आला नाहीस. संध्याकाळी एकटाच नकाण्याच्या तलावाकडे निघून गेलास आणि अंधार पडल्यावर परत आलास. तुझे डोळे सगळ्यांनी पाहिले. ‘ती तुझी कोण लागत होती’ असं कोणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाजीराव पाटलांची लेक, आपल्या शिरपूरची. मेसच्या मावशींनी तिचा एक सिनेमा पाहिलेला नव्हता, पण त्याही पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “आपली पोर गयी रे भाऊ.” गावाचं नातं सांगता आलं आणि आपलं रडणं खपून गेलं. मनूला सांगायला तसं नातं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

आणि आता इतकी वर्षं झाली, तर लिहूनच टाकतो. तू त्या दिवशी फक्त शिरपूरच्या पोरीसाठी रडत नव्हतास. त्याच वर्षी उन्हाळ्यात तुझी आक्का बाळंतपणात गेली होती. तिच्या वेळी लाकडांपासून दिवसकार्यातल्या गंधमुक्ताच्या जेवणापर्यंत सगळं तू उभ्याने केलंस. भाऊंकडे पाहवत नव्हतं, घरात खंबीर असा तू एकटाच, म्हणून डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. मग डिसेंबरात बातमी आली, की एक बाई बाळंतपणानंतर गेली, मागे तान्हं लेकरू ठेवून. तेव्हा तुझा बांध फुटला. मला त्याच दिवशी कळलं होतं. बोललो नाही.

आपल्याकडे कोणी गेलं की बाया दारावर बसायला येतात, आठवतं ना? हेल काढून रडतात, गेलेल्याचे गुण सांगतात. त्यातल्या निम्म्यांनी त्या माणसाला नीट पाहिलेलंही नसतं. लहान असताना मला वाटायचं, हे दाखवायचं रडणं आहे. मोठं झाल्यावर कळलं, प्रत्येक बाई आपलं माणूस आठवून रडते. कोणी गेलेला भाऊ, कोणी खुडलेलं लेकरू. दुसऱ्याच्या दारात आपलं दुःख काढायला मुभा असते. मला यात खोटं काही दिसत नाही. गावाने फार शहाणपणाने केलेली ही सोय आहे.

मनूचं काय असेल ते मी सांगतो. हे तिने मला सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीला सांगितलंय. अकरावी-बारावीला तू तिला कोट्याला ठेवलंस. ती दोन वर्षं तिच्या जिवावर आली होती. तुला फोनवर ‘मी मजेत आहे पप्पा’ म्हणायची आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानात इअरफोन घालून त्या पाच पोरांची गाणी ऐकत पडायची. त्या खोलीत तिच्या सोबतीला तेवढेच होते. त्यातला एक आता नाही. ती कोणासाठी रडते हे तुला अजून विचारायचं आहे?

१९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसाशी ऐकणाऱ्याचं एकतर्फी नातं कसं जुळतं, ते लिहून ठेवलं. माझ्या आईला हे कोणी शिकवलं नव्हतं. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लताबाई गेल्याचं टीव्हीवर सांगितलं. आई उठली, न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, “माहेरचं माणूस गेल्यावर अंघोळ करत नाहीत का?” थाळनेर आईचं माहेर. लताबाईंची आई थाळनेरच्या लाड घराण्यातली लेक, म्हणजे लताबाई गावच्या भाची. आईने त्यांना आयुष्यात एकदाही समोर पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी शिवाजी पार्कवरचं सगळं तिने हात जोडून पाहिलं आणि रात्री साधी खिचडी टाकायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सरकारने सुट्टी दिली. आईचं सुतक मात्र सरकारच्या आधी सुरू झालं होतं.

आईला अंघोळ करता आली, खिचडी टाकता आली. दुःखाला काहीतरी करायला लागतं आणि जायला एक दार लागतं. चाहत्याला नेमकं तेच मिळत नाही. त्याने जायचं कुठे? कोणापुढे बसायचं? दार मिळालं नाही की त्या दुःखाचं काय होतं आणि मिळालं की काय होतं, हे एकाच घराच्या दोन मृत्यूंत मला दिसलं, ते तुला सांगतो.

१२ एप्रिल २००६ ला बंगळुरात कन्नड नट डॉ. राजकुमार गेले. लोक त्यांना देव मानायचे. घरासमोर हजारो माणसं जमली. दर्शन कुठे, किती वाजता, काही धड ठरेना. देह घाईघाईने हलवला. गर्दीला वाटलं, आपल्याला शेवटचं तोंडसुद्धा बघू देत नाहीत. मग दगड, जाळलेल्या गाड्या, पोलिसांचा गोळीबार. आठ माणसं गेली, त्यात जमावाने मारलेला एक पोलीस शिपाई. ज्या माणसावर एवढा जीव, त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी आठ घरं बसली.

पंधरा वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०२१ ला, त्यांचा धाकटा मुलगा पुनीत, तोही नटच, गेला. वय ४६. व्यायाम करताना अस्वस्थ वाटलं आणि काही तासांत सगळं संपलं. शहराच्या पोटात गोळाच आला असेल. पण या वेळी कंठीरवा स्टेडियम उघडलं, देह तिथे ठेवला, लाखो लोक रांगेने आत गेले आणि बघून बाहेर आले. मुलगी अमेरिकेहून येईपर्यंत थांबले. ३१ तारखेला पहाटे वडिलांजवळच त्याला माती दिली. २००६ सारखं काही झालं नाही. माणसं तीच, शहर तेच, घरही तेच. या वेळी त्यांना दार उघडं होतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. राजकुमारांनी नेत्रदान केलं होतं, पुनीतचेही डोळे दिले. डॉक्टरांनी बुबुळाचा पुढचा थर एकाला, मागचा थर दुसऱ्याला असं करून दोन डोळ्यांत चार जणांना दृष्टी दिली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदान करणारे आणि त्यासाठी नाव नोंदवणारे एकदम वाढले. ‘अप्पू’साठी, म्हणजे लाडक्या पुनीतसाठी, काय करू, असं तळमळणाऱ्या माणसाला करण्यासारखं काहीतरी मिळालं. असा चाहता मला फार जवळचा वाटतो.

आता ज्याचा मला राग येतो तेही लिहितो, कारण तू फोनवर सगळ्यांना एकाच माळेत ओवलंस. लताबाईंच्या पार्थिवासमोर शाहरुख खानने हात पसरून दुवा मागितली आणि रिवाजाप्रमाणे फुंकर घातली. तासाभरात ‘तो थुंकला’ म्हणून लोक तुटून पडले. मी त्या दिवशी थाळनेरचा विचार करत होतो. लताबाईंच्या आजोळात तापीच्या काठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, आणि त्याच गावात त्यांची आई वाढली. दारावर आलेल्याने हात कसे जोडले याची झडती आपल्याकडे कधी कोणी घेतलीय का? सुशांतसिंह राजपूतचंही तेच. १४ जून २०२० ला तो गेला. त्याच्या माणसांना धड रडू दिलं नाही आणि त्याच्या मैत्रिणीला चॅनेलवाल्यांनी रोज रात्री गुन्हेगार ठरवलं. अमली पदार्थांच्या प्रकरणात ती जवळजवळ महिनाभर तुरुंगात राहिली. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला तो मार्च २०२५ मध्ये. तोवर ज्यांनी तिला शिव्या दिल्या ते सगळे दुसरीकडे वळले होते. विक्रम गोखल्यांना तर लोकांनी जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिली. ते दवाखान्यात झुंजत होते आणि घरच्यांना ‘अजून आहेत’ असं सांगावं लागत होतं. ते गेले २६ नोव्हेंबर २०२२ ला. ओम शांती लिहायची एवढी कसली घाई असते, बापू?

या सगळ्यात मनूने काय केलं? पणती लावली. कोणाला शिवी दिली नाही, कोणावर आळ घेतला नाही. तिची गल्लत करू नकोस.

एक काळजी मात्र घे, आणि हे मी शांतपणे लिहितोय. प्रसिद्ध माणूस आत्महत्येने गेला की तसे आणखी प्रकार वाढतात, हे मोजलेलं आहे. २०१४ मध्ये रॉबिन विल्यम्स हा नट गेला, त्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाल्या. १९८७ मध्ये नट आणि मुख्यमंत्री एमजीआर गेले तेव्हा तमिळनाडूत कितीतरी लोकांनी जीव दिला. पुनीतच्या वेळीही काहींनी दिला, तेही मी विसरलेलो नाही. मनूचं तसं काही नाही, ती कामावर जाते, मैत्रिणींशी बोलते, तुझ्या वहिनीशी तासभर बोलली. पण झोप उडाली, जेवण सुटलं, ‘आता कशात अर्थ नाही’ असं बोलायला लागली आणि ते आठवडे चाललं, तर रागावत बसू नकोस. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारी सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६. मराठीत बोलतात. नंबर लिहून ठेव.

आज एवढंच कर. तिच्या खोलीत जा आणि बस. उपदेश करू नको, चूक झाली वगैरे भाषणही नको. ‘त्याचं एक गाणं लाव’ म्हण. शब्द कळणार नाहीत, चालेल. मध्येच मोबाइल बघू नकोस. गाणं संपल्यावर तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. जमलं तर कधीतरी तिला आक्काबद्दल सांग. त्या पोरीला आपल्या आत्याचा नुसता फोटो माहीत आहे.

माझ्या मनात आणखी एक आहे. किशोरकुमार १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेले, पण त्यांना नेलं खंडव्यालाच, जन्मगावी. आजही त्यांच्या समाधीवर लोक जातात, दूध-जिलेबीचा नैवेद्य दाखवतात आणि तिथेच बसून गातात. कोणी रिक्षावाला, कोणी बँकेतला साहेब. भुसावळहून रेल्वेने दोन तासांचं अंतर, आणि आपण इतकी वर्षं नुसतं ‘जाऊ, जाऊ’ म्हणतोय. तू आणि मनू नाशिकहून भुसावळला या, मी इथून तिथे येतो, पुढे बरोबर जाऊ. तिलाही बघू दे, चाळीस वर्षं होत आली तरी माणसं एका गाणाऱ्यासाठी कशी येतात. पण तिला आधी विचार. तिला नको असेल तर आपण दोघं जाऊ.

थंडी पडली की भरिताची वांगी यायला लागतील, तेव्हाचं ठरव. रजेचं बघ आणि मनूचं काय म्हणणं पडतं ते कळव. वहिनींना नमस्कार. इकडे आईची तब्येत बरी आहे, ती मनूला विचारत असते.

तुझा,
अण्णा