ती ट्यूब डॉक्टरांना दाखव

फोंडा, गुरुवार

प्रिय दिग्या,

शिगमो झाल्यापासून तुला पत्र नाही, फोन नाही. चूक माझीच. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ठीक. पण शिगम्याला आलास तेव्हा चेहऱ्यावरच्या लाल खपलीसाठी मी तुझ्या हातात जी ट्यूब ठेवली, "नाकाच्या कडेला लाव, चार दिवसांत साफ" म्हणालो, ती अजून लावतोस का रे?

मी लावत राहिलो. भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे. साफ व्हायचंही; पण सोडली की आठवड्यात दुप्पट लाल. जत्रेच्या नाटकानंतर रंग पुसताना गाल पेटला, तेव्हा बांबोळीच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरची नावं वाचली. बुरशीवरचं मायकोनाझोल होतं, पण सोबत क्लोबेटासॉल! एवढा जहाल स्टेरॉइड तोंडाला महिनोन् महिने लावला की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात. माझ्या गालावर त्या दिसतात, दिग्या. तुझ्या गालावर नकोत. मी दिलेल्या ट्यूबमुळे तर नकोतच.

आपला आजार गजकर्ण नव्हे, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. त्यातली मॅलेसेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते, तेलावर जगते. आपली कातडी तिच्यावर चिडते, एवढंच. संसर्ग नाही, अस्वच्छताही नाही. आठवीत मी "डोकं धू आधी" म्हणून सगळ्या वर्गासमोर तुला हसलो होतो, तू महिनाभर बोलला नाहीस. बरोबर केलंस. (माझ्या सायकलची घंटा मात्र तूच पळवलीस, तो हिशोब चालू आहे.)

आता मी बुरशीवरचं 2 टक्के कीटोकोनाझोल क्रीम लावतो, नुसतं, स्टेरॉइडविना, दिवसातून दोनदा, चार आठवडे. पहिले दहा दिवस काही फरक नाही; मी चिडलो. तिसऱ्या आठवड्यात भुवयांतली खपली गेली. क्लोट्रिमाझोल स्वस्त आहे आणि गुण येतोही, पण या आजारात जास्त तपासलेली दोनच, कीटोकोनाझोल आणि सायक्लोपिरॉक्स. 2015 च्या कोक्रेन आढाव्यात (त्यात झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासतात) कीटोकोनाझोल स्टेरॉइडच्या जवळपास बरोबरीचं ठरलं, त्रास मात्र कमी. मी तरी आता दुसरीकडे जाणार नाही. कीटोकोनाझोलने यकृत बिघडतं ही तुझी भीती गोळ्यांच्या बाबतीत खरी. क्रीम रक्तात जवळजवळ उतरतच नाही. डोक्याला आणि दाढीला त्याच औषधाचा शांपू, आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून. बरं वाटलं तरी पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा, कारण हा आजार परत येतो.

तू अजून लावत असशील तर माझ्या शब्दावर एकदम सोडू नकोस, उलटून येतं. ट्यूब खिशात घाल आणि पुण्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

वहिनींची बदली झाली का? सईची दहावी ना यंदा? बाबलकाका तुझी आठवण काढतात.

पत्र मिळालं की फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझा,
मंगेश