दात पांढरे करण्याच्या किटने हिरड्या भाजतात, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: घरगुती किटमधील जेल, ट्रे आणि चुकीचे माहितीपत्रक

महोदय,

आपले किट पत्रकाबरहुकूम वापरूनही खालच्या पुढच्या दातांलगतची हिरडी पांढरी पडली आणि नंतर तिचा पापुद्रा सुटला. पत्रकात याबद्दल एकच ओळ आहे: ‘थोडी चुरचुर सामान्य आहे.’ थंड पाण्याने दातांत कळ येणे ब्लीचिंगमध्ये नेहमीचे. ती थोड्या दिवसांत जाते. हिरडी पांढरी पडणे म्हणजे मात्र पेरॉक्साइडने भाजणे. दोन्ही एकाच ओळीत कोंबून आपण ग्राहकाला जेल तसेच चालू ठेवायला सांगता.

खोक्यावर ठळक ‘३५%’ आहे. कशाचे, ते मागे बारीक अक्षरांत: कार्बामाइड पेरॉक्साइड. त्यातून साधारण १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. दंतवैद्य घरी वापरायला बहुधा १० टक्क्यांचे जेल देतात, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. वर ‘युरोपीय दर्जा’ छापलेय! युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले उत्पादन फक्त दंतवैद्यांनाच विकता येते. त्याहून तीव्र सौंदर्यप्रसाधन म्हणून विकताच येत नाही. दवाखान्यात तीव्र जेल लावतात, पण आधी हिरडीवर रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, थर देऊन तो दिव्याने कडक करतात. आपण दिवा दिलात तो निळा, शोभेचा.

खरी गोची ट्रेची, म्हणजे जेल भरून दातांवर बसवायच्या साच्याची आहे. गरम पाण्यात मऊ करून चावायचा हा ट्रे हिरडीवर चढतो आणि कडेला सैल राहतो. ठसा घेऊन केलेला ट्रे हिरडीच्या रेषेशी कापता येतो. त्यात पत्रक सांगते, एका जबड्याला १ मिली जेल, ६० मिनिटे. दर दाताला, तेही फक्त पुढच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. जादा जेल ट्रे दाबताच कडेखाली सरकते. पेरॉक्साइड मोडणारी विकरे लाळेत असतात, पण तिथे लाळ नीट पोचत नाही, म्हणून जेल तासभर हिरडीला चिकटून राहते.

बाहेर आलेले जेल लगेच कापसाने पुसावे; हिरडी पांढरी दिसताच ट्रे काढून साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात आणि ती बरी होईपर्यंत वापर थांबवावा, हे पत्रकात कुठेच नाही. तंबाखू खाणाऱ्यांच्या किंवा मिश्री लावणाऱ्यांच्या तोंडात आधीच पांढरा चट्टा असू शकतो. ‘सामान्य’ वाचून तो माणूस दंतवैद्याकडे जाणारच नाही. दोन आठवड्यांत न गेलेला चट्टा दाखवायलाच हवा, हे तरी छापा.

किटची पूर्ण रक्कम परत करावी, ही विक्री थांबवावी, हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण खोक्याच्या दर्शनी बाजूला छापावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवली जाईल. पावती, बॅच क्रमांक आणि हिरडीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक