श्वास थांबणाऱ्या मुलांचे औषध त्यांच्या मापाचे करा

माननीय आरोग्यमंत्री यांना,
सविनय नमस्कार.

माझ्या मुलीला पिट-हॉपकिन्स सिंड्रोम आहे. टीसीएफ४ या जनुकातल्या बिघाडामुळे हा आजार होतो, हे २००७ मध्ये कळले. जागेपणी मध्येच ती भराभर श्वास घेऊ लागते, छाती भात्यासारखी हलते आणि मग श्वास थांबतो. ओठ निळे पडतात. झोपेत मात्र श्वास सुरळीत असतो. त्यामुळे रात्रीची तपासणी चांगली येते आणि आईवडील उगाच घाबरतात असे ठरते.

तिला ॲसिटाझोलामाइड सुरू आहे. काचबिंदूसाठी आणि उंचावर होणाऱ्या त्रासासाठी हे औषध कित्येक दशके वापरात आहे. त्याने रक्तातली आम्लता किंचित वाढते आणि मेंदूकडून श्वासाला चालना मिळत राहते. या आजाराच्या मोजक्या रुग्णांना त्याचा उपयोग झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत आले आहे. या वापराला अधिकृत मान्यता नाही, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतात.

आम्हाला मिळते ती २५० मिलिग्रॅमची, मोठ्या माणसाची गोळी. ती ब्लेडने कापली की तुकडे सारखे होत नाहीत, कडेचा चुरा वाया जातो. पाण्यात ती नीट विरघळत नाही. सिरिंज जरा वेळ ठेवली की पांढरा थर तळाशी बसतो, म्हणजे पहिल्या थेंबांत औषध कमी आणि शेवटच्या थेंबांत जास्त. या औषधाने पोटॅशियम उतरू शकते, मूतखडे होऊ शकतात. अशा औषधाचा डोस अंदाजाने द्यावा लागणे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून पहिली मागणी: मुलांना देता येईल असे, ठरलेल्या मात्रेचे पातळ औषध सरकारी रुग्णालयांच्या औषध विभागातून तयार करून द्या. यासाठी नवे संशोधन लागत नाही.

दुसरी मागणी नोंदींची आहे आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या श्वासासाठी कॅफीन दिले जाते. त्याची चाचणी दोन हजारांहून अधिक बाळांवर झाली, निष्कर्ष २००६ पासून येत गेले आणि डॉक्टरांचा हात निर्धास्त झाला. आमची मुले एका ठिकाणी इतक्या संख्येने कधीच सापडणार नाहीत. मग ज्या थोड्यांना औषध दिले जाते, त्यांचे तरी काय झाले ते एकत्र लिहून ठेवायला नको का? उपयोग झाला नाही, हेही लिहायला हवे. रेट सिंड्रोम या दुसऱ्या जनुकीय आजारातल्या श्वासाच्या त्रासावर सारिझोटान या औषधाची चाचणी झाली, २०२० मध्ये ते निष्फळ ठरले. वाईट वाटले, पण निदान त्याच्या मागे धावणे थांबले.

रेट, पिट-हॉपकिन्स, ज्युबेर अशा, श्वासाचा त्रास होणाऱ्या सगळ्या सिंड्रोमच्या मुलांसाठी एकच नोंदणी सुरू करा. कोणते औषध, किती मात्रा, श्वास थांबण्यात काय फरक पडला आणि रक्ततपासणीत काय आले, एवढे त्यात असले तरी पुष्कळ. तारीख, वेळ आणि श्वास किती सेकंद थांबला, हे लिहिलेल्या वह्या बऱ्याच पालकांच्या घरी आहेत. आपण बैठक बोलवा, आम्ही त्या घेऊन येतो.

आपली,
एक आई