‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’ हा इलाज नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन अर्जात नाव लिहिताना ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’ अशी लाल अक्षरांतली तंबी अनेकांना मिळाली असेल. वसई-गोव्याकडच्या डिसोझांना रोमन लिपीत आडनाव लिहिताना ‘डी’नंतरचा ॲपॉस्ट्रॉफी गाळावा लागतो, मग कागदपत्रांवरचे नाव आणि अर्जातले नाव वेगळे दिसते. कारण विचारले की ‘सुरक्षितता’ असे उत्तर येते. वेबसाइट बनवणाऱ्यांनी आणि बनवून घेणाऱ्यांनीही हे उत्तर तपासून पाहावे, म्हणून हे पत्र.

वेबपान हल्ली सहसा हाताने लिहीत नाहीत, ते टेम्प्लेटमधून तयार होते. टेम्प्लेट म्हणजे जागा मोकळ्या सोडलेला साचा. त्या जागांत डेटाबेसमधली नावे, पत्ते, प्रतिक्रिया येऊन बसतात. त्या मजकुरात कोनी कंस (< >) असला आणि तो तसाच पानात गेला, तर ब्राउझर त्याला टॅग, म्हणजे पानाच्या रचनेची आज्ञा, समजतो. टॅग स्क्रिप्टचा असेल तर परक्याने लिहिलेला प्रोग्राम वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्याच लॉगिनच्या अधिकाराने चालतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर अशी एक स्क्रिप्ट एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलवर पसरली. मायस्पेसकडे धोकादायक शब्द गाळणारी चाळणी होती. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. चाळणीला तो दिसला नाही, ब्राउझरने मात्र जोडून वाचला.

म्हणून मजकूर आत घेताना काही गाळू नये. डिसोझा असोत वा ‘पाटील & सन्स’, जसे लिहिले तसेच साठवावे. काळजी घ्यायची ती मजकूर पानात उतरवताना, कारण तो पानात नेमका कुठे बसणार हे तेव्हाच कळते.

साध्या मजकुरात ॲम्परसँड (&), दोन कोनी कंस आणि एकेरी-दुहेरी सरळ अवतरणचिन्हे ही पाच चिन्हे एस्केप केली, म्हणजे ब्राउझर आज्ञा न समजता नुसते चिन्ह म्हणून दाखवील अशा पर्यायी रूपात लिहिली, की पुरते. ॲम्परसँड आधी बदलायचा, नाहीतर बाकीच्या चिन्हांसाठी घातलेले ॲम्परसँडही पुन्हा बदलले जातात. ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत दिलेल्या गुणधर्मात) हीच पाच चिन्हे एस्केप करून भागते, पण गुणधर्माची किंमत अवतरणात असेल तरच. अवतरण नसेल तर नुसती मोकळी जागा टाकून नवा ॲट्रिब्यूट घुसवता येतो. तिथे एस्केप केलेले कितीही असो, उपयोग शून्य. पीएचपी या भाषेचे ‘एचटीएमएलस्पेशलकॅर्स’ हे एस्केप करणारे फंक्शन ८.१ आवृत्तीच्या आधी एकेरी अवतरणचिन्हाला सांगितल्याशिवाय हात लावत नसे, आणि जुन्या आवृत्त्यांवरच्या साइटवर आजही लावत नाही. ‘एन्ट कोट्स’ हा पर्याय तिथे हाताने द्यावाच लागतो.

दुव्याची गोष्ट निराळी. पत्ता ‘जावास्क्रिप्ट’ आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबे (कोलन) अशा सुरुवातीचा असेल, तर त्यात एस्केप करण्याजोगे एकही चिन्ह नसते. तिथे पत्त्याची सुरुवात तपासून एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि मेलटू (ई-मेलचा दुवा) एवढ्यांनाच परवानगी द्यावी, तीही यूआरएल पार्सरकडून, म्हणजे पत्त्याचे भाग सुटे करणाऱ्या तयार कोडकडून, वाचून घेऊन. नुसत्या शब्दतुलनेवर विसंबू नये, कारण पत्त्यातले टॅब आणि ओळतोड ब्राउझर गाळून टाकतो.

सर्वांत जास्त घोळ होतो स्क्रिप्ट टॅगमध्ये. तिथे एचटीएमएलचे एस्केप चालत नाही, आणि मजकुराचे नुसते जेसन (जावास्क्रिप्टला वाचता येणारी माहितीची मांडणी) करूनही भागत नाही. एचटीएमएल वाचणाऱ्याला जावास्क्रिप्टमधली अवतरणे कळत नाहीत. अवतरणाच्या आत स्क्रिप्टचा बंद टॅग दिसला तरी तो स्क्रिप्ट तिथेच संपवतो. म्हणून जेसनमधला डावा कोनी कंस युनिकोडच्या बॅकस्लॅश रूपात (\u003C) लिहायचा. जँगो या वेबसाइट बनवण्याच्या साधनात ‘जेसन_स्क्रिप्ट’ हा फिल्टर नेमका यासाठी आहे. गो भाषेचे एचटीएमएल टेम्प्लेट पॅकेज तर जागा ओळखून त्या त्या ठिकाणचे एस्केप स्वतःच करते. सर्वांनी तसे केले असते तर बरे झाले असते.

अशा साधनांपैकी जँगो, रेल्स, ट्विग हे आपोआप एस्केप करतात. जिंजा हे टेम्प्लेटचे साधन मात्र सुटे वापरले तर करत नाही. फ्लास्कमधून वापरले, तर फाइलचे नाव एचटीएमएल, एक्सएमएल अशा ठरावीक शेवटांचे असले की करते, साध्या मजकुराच्या फाइलला नाही. हे न कळल्यामुळे ई-मेलचे टेम्प्लेट उघडे राहतात. आपोआप एस्केप होत असले तरी ‘सेफ’, ‘रॉ’, ब्लेड या साधनातली उद्गारचिन्हांची जोडी, व्ह्यू या साधनातले ‘व्ही-एचटीएमएल’ या ते बंद करण्याच्या पळवाटा आहेतच. ‘पानावर भलतीच चिन्हे दिसतात’ अशी तक्रार आली की घाईत ‘सेफ’ चिकटवले जाते. मूळ दोष बहुधा दोनदा एस्केप होण्याचा असतो: कोणीतरी साठवतानाच एकदा केलेले असते. साठवतानाचे काढायचे, उतरवतानाचे ठेवायचे.

मराठीपुरत्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण परदेशी मार्गदर्शिकांत त्या सहसा सापडत नाहीत. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवले जाते; त्यातल्या एकात झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असते. ‘अदृश्य चिन्हे गाळा’ असा फिल्टर लावला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांच्या नावे लागतात! दुसरी गोष्ट लांबीची. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षरचिन्ह ३ बाइटचे असते. पीएचपीच्या ‘सबस्ट्र’ या बाइट मोजून मजकूर कापणाऱ्या फंक्शनने ते मध्येच कापले, तर ८.१ आधीचे एस्केप फंक्शन सगळी ओळच रिकामी परत करते. नाव गायब, चुकीचा संदेशही नाही. अक्षरचिन्हे मोजून कापणारे ‘एमबी_सबस्ट्र’ वापरावे, आणि आधी कापून मग एस्केप करावे; उलट केले तर एस्केप केलेले चिन्हच अर्धे तुटते.

तपासणी अवघड नाही. पाचही चिन्हे आणि ‘दऱ्या’ हा शब्द (दोन्ही प्रकारे साठवलेला) असलेले नाव प्रत्येक रकान्यात भरा. यादी, दुरुस्तीचा फॉर्म, ई-मेल, छापील पावती आणि विशेषतः कर्मचाऱ्यांचे ॲडमिन पान, सगळीकडे ते जसेच्या तसे दिसले पाहिजे. ॲडमिन पान सहसा राहून जाते, आणि हल्लेखोराला हवे असते तेच. मग सगळ्या कोडमध्ये वरच्या पळवाटांचे शब्द शोधा; प्रत्येक ठिकाणी तो मजकूर कुठून येतो हे सांगता आले पाहिजे. वापरकर्त्याला ठळक-तिरपे लिहू द्यायचेच असेल, तर डॉमप्युरिफायसारख्या परवानगी-यादीवर चालणाऱ्या लायब्ररीतून मजकूर काढा. त्यासाठी स्वतःचे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधण्याचा नमुना) लिहू नका. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचा हेडर, म्हणजे कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणारी सूचना, हा त्यावरचा दुसरा कडीकोयंडा. पहिला नीट लागल्यावरच तो लावावा.

वेबसाइटचे काम बाहेर देणाऱ्या संस्थांनी निविदेतच ही चाचणी लिहून घ्यावी आणि शेवटचा हप्ता तिच्यावर बांधावा.

आपले,
वेब-विकासाचे काम करणारे काही वाचक