संरक्षण मूल्यवर्धनावर मोजा

संपादक महोदय,

आयातशुल्क वाढले की देशी उद्योगाला बळ मिळाले आणि घटले की उद्योग उघड्यावर पडला, असा हिशेब आपल्याकडे सरसकट मांडला जातो. तो चुकीचा आहे. सुट्या भागांवरचे शुल्क सोबत पाहिल्याशिवाय तयार मालावरच्या दराला अर्थ नसतो.

एक वस्तू घ्या. आयात किंमत १०० रुपये, त्यात ६० रुपयांचे सुटे भाग. म्हणजे कारखान्याचे मूल्यवर्धन ४०. तयार मालावर २० टक्के शुल्क आणि भागांवर शून्य असेल, तर माल १२० ला विकता येतो आणि मूल्यवर्धन ६० होते. संरक्षण २० नव्हे, ५० टक्के! उलट, मालावर ५ आणि भागांवर १५ टक्के लावा: १०५ वजा ६९, उरले ३६. शुल्क असूनही उद्योगाला दहा टक्के दंड. मग कारखानदार जुळणी बंद करून तयार मालच मागवतो. कॉर्डन, बलाशा या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात हे गणित पक्के केले. मोबाइलवरचे शुल्क जुलै २०२४ मध्ये २० वरून १५ टक्के झाले, पण त्याच वर्षी जानेवारीत अनेक सुट्या भागांवरचेही १५ वरून १० झाले होते, हे म्हणूनच लक्षात घ्यावे लागते.

खरी चिंता अनुदानाची आहे. २०२० च्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेत मोबाइल कंपन्यांना वाढीव विक्रीवर ६ ते ४ टक्के रक्कम ठरली. १०० रुपयांच्या फोनमध्ये इथले काम २० रुपयांचे असेल, तर ६ रुपये म्हणजे त्या कामाच्या ३० टक्के. काम ६० चे असेल, तर जेमतेम १०. जो इथे कमी करतो, त्यालाच तुलनेने जास्त! अनुदानाचा हा दर टप्प्याटप्प्याने उतरता ठेवला होता, ही मात्र चांगली सोय.

न्या. रानड्यांनी १८९२ साली पुण्यात बाल्यावस्थेतील उद्योगांची बाजू मांडली. १९२१-२२ च्या राजकोषीय आयोगाने संरक्षणासाठी तीन अटी घातल्या. उद्योग पुढे संरक्षणाविना उभा राहिला पाहिजे, ही तिसरी. १९२४ चे पोलाद संरक्षणही तीनच वर्षांचे होते. मुदत संपताना पुन्हा चौकशी झाली आणि मगच ते वाढले.

पुढच्या योजनांत रक्कम मूल्यवर्धनावर द्यावी. त्यात एक पळवाट आहे: आयात भागांची किंमत कागदोपत्री कमी दाखवली की मूल्यवर्धन फुगते. तेव्हा दाव्यातली प्रत्येक रक्कम सीमाशुल्काच्या ‘बिल ऑफ एन्ट्री’शी (आयात मालाच्या नोंदपत्राशी) ताडून पाहावी, आणि तेच भाग इतर आयातदारांना काय दराने पडतात तेही तपासावे.

— अर्थशास्त्राचा एक अध्यापक, पुणे