आई, तुझा फ्रिज मी देऊन टाकला

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर तुमच्या या नव्या भाड्याच्या घराचा विषय काढला की आई, तू नुसतं "बरं" म्हणतेस आणि दुसरंच बोलायला लागतेस, म्हणून लिहितेय. जड जातंय ते आधी सांगते. तुझा मोठा फ्रिज मी देऊन टाकला. तुला न विचारता.

मी तीनदा मापं घेतली गं. या स्वयंपाकघरात फ्रिजला कोपरा आहे तो जेमतेम ६४ सेंटीमीटरचा, आणि आपला फ्रिज एकटाच ७०चा. ओट्यासमोर ठेवला असता तर दार अर्धंच उघडलं असतं, आणि दार पुरतं उघडल्याशिवाय आतले खण बाहेर निघत नाहीत. भिंतीला घासून कोंबणं तर मला पटेचना. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तिला जायला वाट नसली की कॉम्प्रेसर दिवसरात्र धापा टाकत राहतो. नवा ५५चा आहे. दोन्ही बाजूंना आणि मागे दोन-दोन बोटं जागा सुटलीय. भाजीचा खण वर आहे, कंबरेत वाकावं लागणार नाही. हे सगळं खरं आहे, तरी तो जिन्यावरून उतरवताना मी खाली थांबले नाही. बघवेना.

तो चांगल्या घरी गेलाय. आपल्याकडे त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि तू चपला घालून दार उघडायचीस, आठवतं? दोष त्याचा नव्हता, आपल्या घराच्या अर्थिंगचा होता. त्यांनाही सांगितलंय, आधी अर्थिंग तपासा, मगच प्लग लावा. इथलं मी वायरमनला आणून माझ्यासमोर तपासून घेतलं. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही आहे, म्हणजे करंट कुठे गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच. बाबा, त्याच्यावर "टी" लिहिलेलं बटण आहे, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. वीज गेली पाहिजे. हे काम तुमचं.

बोर्डाचं मात्र दोघांनीही नीट ऐका. ओट्यावर दोन पॉइंट आहेत. मोठा १६ अँपिअरचा, तो मायक्रोवेव्हचा. किटलीला वेगळी वायर ओढून दुसरा मोठा पॉइंट करून घेतलाय, घरमालकांची लेखी परवानगी घेऊनच. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. साधा पॉइंट ६चा असतो, त्यावर ती लावली तर सॉकेट आतून हळूहळू जळतं आणि वास येईपर्यंत कळत नाही. जुनं एक्स्टेन्शन मी मुद्दाम आणलेलं नाही. कुणाकडून मागवूही नका.

इंडक्शन घेतलेलं नाही, आणि आई, कुणी कितीही सुचवलं तरी घ्यायचं नाही. बाबांच्या पेसमेकरपासून ते दोन फूट लांब असावं लागतं, आणि एवढ्याशा खोलीत ते अंतर कोण सांभाळणार? मायक्रोवेव्हची भीती नाही, डॉक्टरांना विचारलंय. पण बाबा, मिक्सरचं झाकण दाबताना तुम्ही त्याच्यावर छातीने ओणवता, ते आता बंद. मोटर छातीपासून वीतभर तरी लांब हवी. मिक्सर आईच लावेल. रागावू नका, दुसरी किती कामं तुमच्याशिवाय अडतात.

मायक्रोवेव्ह फ्रिजच्या डोक्यावर ठेवला असता तर जागा वाचली असती. पण गरम भांडं खांद्याच्या वरून उतरवायचं, तेही आईच्या त्या उजव्या खांद्याने? नको. तो ओट्याच्या टोकाला, कोपराच्या उंचीवर आहे. त्याच्या जाळीवर फडकं वाळत घालू नका. भिंतीला खिळा मारायची इथे मुभा नाही, म्हणून लोखंडी मांडणी नुसती उभी केलीय. तिच्यावर मिक्सर मधल्या खणात, सिंकपासून लांब. चिकटवायचे हुक लावलेत, पण वाफेने ते सुटतात, त्यांना फडक्यापलीकडे काही अडकवायचं नाही. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नकोस. जास्त ताण आला की तो स्वतःच थांबतो. थोडा गार होऊ दे, मग बुडाशी लाल बटण आहे ते दाब. वीज जाऊन आली तर फ्रिज पाच मिनिटं बंदच ठेवायचा, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

खूप हुकूम सोडतेय ना? तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून उतरताना कठड्याला धरून थांबायचात ते मला रात्री दिसतं, म्हणून. ते घर सोडायला लावलं म्हणून तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, आणि तेच जास्त लागतं. इथे जिना नाही. मी दोन दारं पलीकडे आहे. आई, मांडणीचा सगळ्यात खालचा आणि खिडकीशेजारचा खण मी रिकामा ठेवलाय. तिथे काय लागतं ते तूच लाव, मी हात लावणार नाही. उंच स्टूलही आणलंय, ओट्याशी बसून काम करता येईल.

बाबा, लहानपणी तुम्ही फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरायचात आणि मला म्हणायचात, "ओढ बघू." सहज निघाली तर रबर सैल. मी सगळी ताकद लावून ओढायचे, पट्टी फाटायची, आणि तुम्ही खूश व्हायचात. नव्या फ्रिजची पट्टी चारही बाजूंनी ओढून बघितलीय मी. घट्ट आहे. तरी शनिवारी तुम्हाला आणलं की पाय धुऊन आधी तेवढं बघा. तुम्ही बघितल्याशिवाय मला खात्री वाटायची नाही.

निघताना बाबांच्या गोळ्या पर्समध्ये ठेव गं आई, बॅगेत नको.

तुमची,
छोटी