बाबा, कानशिलावरची ती पट्टी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांच्या कानशिलावर पट्टी दिसली. विचारलं, तर म्हणालात, "दाढी करताना लागलं." बाबा, दोन महिन्यांपूर्वीही पट्टी तिथेच होती आणि उत्तरही हेच होतं. आईने लगेच विषय बदलला. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर बोलले असते तर तुम्ही "काही नाही गं" म्हणून उडवून लावलं असतं, म्हणून हे पत्र.

आधी माझं एक राहिलेलं उत्तर देते. पाच वर्षांपूर्वी "टाचेचं छोटंसं ऑपरेशन आहे, धावपळ करू नका" असं मी कळवलं होतं. कॅन्सर हा शब्द तुमच्या कानावर पडला तो टाके निघाल्यावर. तेव्हा आई म्हणाली होतीस, "एवढे परके झालो का आम्ही?" तुम्हाला त्रास नको म्हणून लपवलं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं सांगायचं तर तुमच्यासमोर तो शब्द उच्चारायचं धाडसच होत नव्हतं. त्याच भीतीपायी त्याआधीही अकरा महिने मी तो डाग नुसता बघत बसले होते.

डाव्या टाचेवर मसुराएवढा काळपट डाग होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. बूट लागून रक्त साकळलं असेल असं वाटलं. साकळलेलं रक्त काही आठवड्यांत फिकट होत जातं. हा डाग तसाच राहिला. एका दवाखान्यात दाखवला, तिथे कुरूप म्हणून मलम मिळालं, तेही मी चार महिने इमानेइतबारे लावलं. मग डागाची एक कड वाकडीतिकडी पसरू लागली आणि तपकिरीच्या शेजारी निळसर छटा आली, तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि त्याच आठवड्यात बायोप्सी केली. मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर.

जाडी ०.९ मिलिमीटर. या आजारात त्या आकड्यावर फार काही ठरतं. ब्रेस्लो नावाच्या डॉक्टरांनी १९७० मध्ये दाखवून दिलं, की गाठ कातडीत किती खोल उतरली आहे ते मोजलं की पुढचा धोका कळतो. माझ्या डागाभोवतीची एक सेंटिमीटर चांगली कातडी काढली, मांडीची कातडी टाचेवर बसवली. कॅन्सर पसरला असता तर आधी जिथे पोचला असता, ती जांघेतली पहिली लसिका ग्रंथी शोधायला निळा रंग टोचला होता, त्याने एक दिवस लघवी हिरवट झाली आणि मी घाबरून नर्सला हाक मारली. ग्रंथी स्वच्छ निघाली. आणखी सहा महिने टाळलं असतं तर हाच आकडा किती झाला असता, हा विचार आजही मध्येच येतो.

आपल्या सावळ्या कातडीला हा आजार होत नाही, असं मला खरंच वाटायचं. होतो. कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि तिथे कोणी बघत नाही म्हणून उशिरा सापडतो. नखात काळी रेघ उमटून ती नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली तर एक दिवसही थांबू नये. तळपायावरच्या या मेलानोमाशी उन्हाचा फारसा संबंध नसतो. म्हणजे कितीही सनस्क्रीन लावलं असतं तरी माझा डाग टळला नसता. मला वाचवायला फक्त वेळेवर पाहणंच कामाला आलं असतं. म्हणून आता मी ओळखीच्या प्रत्येकाला तळपाय बघायला सांगते. ऑफिसातली एक मैत्रीण अंगठ्याचं काळं नख घेऊन डॉक्टरांकडे गेली. दाराचा मार लागून साकळलेलं रक्त होतं. तिला म्हटलं, फेरी फुकट गेली असं मानू नकोस.

बाबा, तुमच्या कानशिलाचं प्रकरण वेगळं असू शकतं. तुमचा जन्म उन्हात गेला, आणि चेहरा, कान, मान यांवर वर्षानुवर्षं साठलेलं ऊन म्हातारपणी वर येतं. खपली धरते, पडते, पुन्हा रक्त येतं, कडेला मोत्यासारखी चकाकी दिसते, महिना उलटला तरी भरत नाही, अशी जखम बेसल सेल नावाच्या त्वचेच्या दुसऱ्या एका कॅन्सरची असू शकते. तो सहसा अंगात पसरत नाही, पण जागच्या जागी आत पोखरत जातो, आणि तुमचा डोळा तिथून दोन बोटांवर आहे. वेळेत काढला तर बहुतेकदा छोट्या ऑपरेशनवर भागतं. काहीच नसेलही. पण हे मी इथून ठरवू शकत नाही आणि तुम्हीही आरशात बघून ठरवू शकत नाही.

दुपारचं चालणं सकाळी करा. टोपी सगळीकडून रुंद काठाची घ्या, तुमच्या आवडत्या टोपीत कान उघडे राहतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, आणि भरपूर. बोटभर चोपडून काही होत नाही, उन्हात असलात तर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

आई, तुला एक काम. महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, चष्मा लावून बाबांची पाठ, कानामागचा भाग, टाळू आणि पायाच्या बोटांमधली जागा बघ. त्यांना गुडघ्यांमुळे स्वतःचे तळवे दिसत नाहीत. मग तू बस आणि त्यांना बघू दे. तीळ असू देत, सगळ्यांना असतात. बाकीच्यांहून वेगळा दिसणारा किंवा बदलत चाललेला शोधायचा. मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेव, म्हणजे पुढच्या महिन्यात ताडून बघता येईल. आणि तुझ्या हातावरचा भाजल्याचा जुना व्रण पुन्हा फुटला, भरेना झाला, तर तोही दाखवायचा.

मी गुरुवारी संध्याकाळी फोन करते. तोपर्यंत त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतलेली असू दे. त्यांनी काय सांगितलं ते त्याच दिवशी मला कळवा, चांगलं असो वा वाईट. मीही यापुढे काही लपवणार नाही. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. बाहेर पडल्या पडल्या पहिला फोन तुम्हाला.

तुमची,
लेक